पांढऱ्या सदाफुलीसाठी मोडलेलं मनगट

आयुष्यात मी एकाच माणसाचं हाड मोडलं, आणि तेही सदाफुलीसाठी. एखाद्या मुलीसाठी किंवा शेताच्या बांधासाठी मोडलं असतं, तर सांगताना मान जरा वर राहिली असती. पण नालीच्या कडेला वाटेल तसं वाढणाऱ्या, शेळीसुद्धा जिला तोंड लावत नाही अशा झाडापायी मी शेजारच्या काकांच्या मनगटावर बाबांची काठी हाणली. आवाज असा आला की मला आधी वाटलं, काठीच मोडली. काठी शाबूत होती.

आमचं घर भिलाईत, मरोद्याकडच्या क्वार्टरमध्ये. बाबा प्लांटमध्ये, स्टील मेल्टिंग शॉपमध्ये होते. वितळलेल्या पोलादाने भरलेलं घराएवढं उंच पात्र, ज्याला तिथे लॅडल म्हणतात, ते डोक्यावरून क्रेनने जातं आणि खाली माणसं उभी असतात. बाबा त्या खालच्या माणसांतले. त्यांच्या दंडावर, मानेवर, कानाच्या पाळीवर ठिणग्यांचे डाग होते. अशा ठिकाणी दिवस काढून आलेला माणूस घरी हळू बोलत नाही. आमच्याकडे शब्दाच्या आधी हात यायचा. भाजीत मीठ जास्त झालं तर ताट भिंतीवर जायचं, आणि मी नापास झालो तर मी.

शेजारचे काका त्याच शॉपमध्ये, पण वर. क्रेनच्या केबिनमध्ये. बाबांच्या डोक्यावरून जाणारं लॅडल बहुतेक वेळा काकांच्या हातात असायचं. दोघांची गावं भंडाऱ्याकडे एकमेकांना लागून. आमचं घर बौद्ध, त्यांचं शेतकऱ्याचं, देवघरवालं. पण दोघे नोकरीला एकाच सुमारास आले, शेजारशेजारचे क्वार्टर मिळवले आणि तेव्हापासून एकमेकांना मारत आले. होळीच्या दिवशी मटणाच्या पातेल्यावरून सुरू झालेली कुस्ती एकदा नालीत जाऊन संपली होती. बाबांचा पुढचा अर्धा दात त्या नालीत गेला. दुसऱ्या दिवशी दोघे एकाच स्कूटरवर ड्यूटीला गेले. काका म्हणायचे, "तुह्या बापाच्या डोक्यावरून मी रोज आग नेतो पोट्ट्या, आन् एक थेंब सांडू देत नाई." हे सांगताना त्यांची छाती फुगायची. त्या केबिनशिवाय त्यांना दुसरी कसली हौस मी पाहिली नाही.

मी एम.फार्म. करत होतो. नेहरू नगरच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या एका खासगी कॉलेजात. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतली बाकीची पोरं कोचिंग क्लासेसमधून दळून-कांडून इंजिनिअर होऊन बाहेर पडली होती. मी चाळणीत अडकलेला कोंडा. माझा विषय होता: सदाफुलीच्या वेगवेगळ्या जातींत औषधी द्रव्यं किती, ते मोजणं. बाबांना सांगितलं तेव्हा ते दाढी करत होते. त्यांनी वस्तरा थांबवला.

"म्हंजे तू फुलं मोजून राहिला."

मी समजावलं की फुलं नाही, पानांतली रसायनं. त्यांतली काही कॅन्सरच्या औषधांत जातात.

"मंग पानं मोजून राहिला," बाबा म्हणाले आणि पुन्हा वस्तरा चालवू लागले.

लोकांना वाटतं, फुलझाडांचा अभ्यास म्हणजे नाजूक काम. मी तर तीन वाफ्यांचा खाटीक होतो. पानं ओरबाडायची, सावलीत मरेपर्यंत वाळवायची, खलबत्त्यात त्यांची हाडं मऊ करायची, मेथॅनॉलमध्ये बुडवून त्यांच्यातला जीव बाहेर काढायचा आणि तो यंत्रात प्रचंड दाबाने ढकलायचा. ते यंत्र पानांतली रसायनं एकेक वेगळी करतं आणि पडद्यावर टेकड्या काढतं. ज्या रसायनाची टेकडी मोठी, ते जास्त. त्या टेकड्यांकडे बघताना मला वाटायचं, आपण कुणीतरी आहोत. असं वाटू देणारी दुसरी जागा मला भिलाईत नव्हती.

तुलना खरी व्हावी म्हणून मी क्वार्टरपुढच्या बागेत एकाच मातीत तीन वाफे केले. एकात गुलाबी, दुसऱ्यात पांढरी, तिसऱ्यात पांढरी पण मध्ये लाल डोळा असलेली. पाणी सारखं, ऊन सारखं. मग घरात हुकूम काढला की याला कुणी हात लावायचा नाही. आईने तो हुकूम सगळ्यात जास्त मनाला लावून घेतला, कारण पांढरी फुलं ती रोज बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवायची. "बुद्धालेही फूल नको म्हणते हा आता," असं भिंतीला सांगून तिने पिशवी उचलली आणि दुसऱ्यांच्या कुंपणांवरून फुलं आणायला सुरुवात केली.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्या लाइनीत एक पद्धत होती. उजाडता उजाडता पिशव्या आणि आकड्याच्या काठ्या घेऊन लोक निघायचे आणि ज्याच्या कुंपणावर जे फूल दिसेल ते तोडायचे. आमची आई काकांच्या जास्वंदीवर, त्यांच्या घरातलं कुणी आमच्या कण्हेरीवर. फक्त एक पाळायचं: फूल तोडणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. तो दिसला तर झाडू मारणाऱ्याने झाडू मारत राहायचा, दात घासणाऱ्याने पाठ वळवायची. बघितलं तर ती चोरी झाली असती. न बघता पूजा होत होती.

पावसाळा सरता सरता माझ्या पांढऱ्या वाफ्यावर हल्ला झाला. सकाळी जाऊन बघतो तर एका बाजूच्या फांद्या सोललेल्या. पानं गायब, देठं उघडी. दुसऱ्या दिवशी आणखी. मी आईवर संशय घेतला, तिने मला लाटणं दाखवलं. मग मी शेळ्यांवर घेतला, मग कोहक्याच्या एका नर्सरीवाल्यावर, मग कॉलेजातल्या एका वर्गमित्रावर, जो माझ्यासारखाच नालायक होता आणि म्हणून मला प्रतिस्पर्धी वाटायचा. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नाही. फुलं जागच्या जागी होती. फुलं चोरायला येणारा माणूस फुलं सोडून पानं नेतो, हा एवढा मोठा पुरावा रोज माझ्या नाकासमोर वाऱ्यावर डुलत होता, आणि मी म्हणे पृथक्करण शिकत होतो.

शेवटी मी दबा धरायचं ठरवलं. बाबांची तेल पाजलेली बांबूची काठी घेतली आणि कव्हर घातलेल्या स्कूटरमागे उकिडवा बसलो. उजेड फुटत होता. प्लांटकडून नेहमीची घरघर येत होती. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. कुंपणावरून एक हात आत आला. पांढऱ्या सदाफुलीची फांदी त्याने मुळाशी धरली आणि मूठ खालून वर सरकवली, तशी पानं सरसर सोलून मुठीत आली. माझ्या डोळ्यांपुढे ती टेकडी खचली. मी उठलो आणि पद्धतीप्रमाणे, तोंडाकडे न बघता, हाणली.

ओरडणं आलं नाही. मी कुंपणापलीकडे वाकलो तर काका उकिडवे बसलेले. दातांत गमछा दाबलेला, डोळे बाहेर आलेले, मनगट जिथे वळायला नको तिथे वळलेलं. गमछ्याच्या कडेने हिरवी लाळ गळत होती. तोंडात पानं होती.

मी काहीतरी बरळलो, हॉस्पिटल असं म्हणालो असेन. काका उठले, चांगल्या हाताने माझी कॉलर धरली आणि कुंपणावरूनच असं ओढलं की तारा पोटात रुतल्या. मग दोनदा माझं डोकं कुंपणाच्या खांबावर आपटलं.

"हॉस्पिटलात सुई टोचते. रक्त काढते. रक्त काढलं का शुगर निघते. शुगर निघाली का मले क्रेनवरून खाली उतरवते. समजलं का तुले?"

मला समजलं. समजलं नसतं तर खांब अजून होता.

बाकीचं त्यांनी दात ओठ खात, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. चक्कर यायची म्हणून त्यांनी सुपेल्याकडे एका खासगी लॅबमध्ये गुपचूप रक्त तपासलं होतं. शुगर होती, आणि चांगलीच होती. प्लांटची मेडिकल तपासणी जवळ आली होती. केबिनमध्ये बसणाऱ्याला त्यात पास व्हावंच लागतं. गोळ्या घेतल्या तर काकूला कळेल, काकूला कळलं तर लाइनीला कळेल. कुणीतरी सांगितलं, सदाबहारची, म्हणजे सदाफुलीची, पांढरी जात, सकाळी निरण्या पोटी पानं चावायची, शुगर उतरते. हा उपाय आमच्याकडे घरोघरी माहीत. आणि पांढरी सदाफुली रांगेने लावलेली होती ती आमच्याच दारात. फुलं तोडणाऱ्याकडे कुणी बघत नाही, म्हणून त्या वेळेला ते यायचे. फुलं ते नेत नव्हते, कारण बुद्धाची असतील असं त्यांना वाटलं होतं.

मी त्यांना मोटरसायकलवर बसवलं आणि कोहक्याला नेलं. तिथे हाडं बसवणारा एक म्हातारा पहिलवान होता. रस्त्यात प्रत्येक गतिरोधकाला काका माझ्या मानेत काहीतरी म्हणत होते; त्यात माझ्या खानदानाचा उल्लेख असायचा. पहिलवानाने मनगट हातात घेतलं, नाडी बघावी तसं बघितलं आणि मला सांगितलं की यांच्या छातीवर बस. मी बसलो. तो काकांशी भावाच्या लग्नाबद्दल, गावाच्या पाण्याबद्दल बोलत राहिला आणि बोलता बोलता दोन्ही हातांनी ओढलं. आतून ओली फांदी पिळल्यासारखा आवाज आला. काकांना तोंडाशी जे आलं ते त्यांनी चावलं. तो माझा दंड होता. मी ओरडलो, पहिलवानाने मलाच गप्प बसायला सांगितलं. मग त्याने पुन्हा ओढलं, आणि काकांनी पुन्हा चावलं. बांबूच्या पट्ट्या, अंड्याचा बलक, हळद, आणि वर फडकं. मी छातीवरून उतरलो तेव्हा माझ्या शर्टाची बाही लाल होती आणि काकांचे दातही.

परत येताना माझ्या कानाशी काकांचा आवाज आला.

"पोट्ट्या, तू मोजतं ना हे. पांढऱ्यात जास्त राहते का गुलाबीत?"

इथे शहाण्या माणसाने गाडी थांबवून विचारलं असतं, की काका, काय जास्त? पण दंडातून रक्त येत असतानाही माझी कळी खुलली. माझ्या संशोधनाबद्दल लाइनीतल्या माणसाने विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी वाऱ्यावर मान मागे वळवून, एक्स्ट्रॅक्शनपासून सुरुवात करून, सविस्तर उत्तर दिलं. गुलाबीत. पहिल्या खेपेला गुलाबीची टेकडी सरळ सरळ उंच आली होती. काकांनी माझ्या खांद्यावर हनुवटी आपटून मान डोलावली. ती मान डोलावणं मला कॉलेजातल्या कुठल्याही गुणांपेक्षा गोड वाटलं.

घरी काकांनी सांगितलं, न्हाणीत घसरलो. पण फुलं तोडणाऱ्याकडे बघायचं नाही अशी पद्धत असली, तरी काठीने मारणाऱ्याकडे बघू नये अशी कुठलीच पद्धत नव्हती. समोरच्या ओळीतल्या कुणीतरी सगळं बघितलं होतं. दुपारी काकू आमच्या दाराशी येऊन आईला आणि आईच्या माहेराला जे बोलल्या, ते आईने पुढची काही वर्षं पुरवून पुरवून परत केलं. बाबा ड्यूटीवरून आले, तेव्हा त्यांना ही बातमी गल्लीच्या तोंडाशीच मिळाली होती. त्यांनी डबा खाली ठेवला, तीच काठी घेतली आणि मला अंगणात ओढलं.

"काकाले मारलं? कावून मारलं?"

शुगरचं कुणाला सांगणार नाही, असा मी काकांना शब्द दिला होता. मी गप्प राहिलो, म्हणून बाबांनी पुन्हा विचारलं, म्हणजे पुन्हा मारलं. पाठीवर, पोटऱ्यांवर, डोकं झाकलेल्या हातांवर. काठी निसटली तेव्हा चप्पल. मी एम.फार्म.चा विद्यार्थी, मिशी असलेला, अंगणात गोल गोल पळत होतो आणि लाइनीतली पोरं कुंपणावर बसून बघत होती. काका हात गळ्यात अडकवून आपल्या व्हरांड्यात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "जाऊ दे ना भाऊ, पोट्टंच आहे." त्यांचा हा मोठेपणा बघून बाबांना आणखी चेव आला.

काकांनी साठवलेली रजा टाकली. हात बसेपर्यंत घरी, आणि मेडिकलच्या आत शुगर खाली. आता पांढऱ्या वाफ्याला धक्का लागत नव्हता. गुलाबी सोलली जात होती. मला माझा नमुना खराब होतोय हे दिसत होतं. पण ज्या माणसाचं हाड आपण मोडलं त्याला पानं मोजून द्यायची नसतात. शिवाय तो माझ्या सल्ल्याने खात होता. कधी कधी मी मुद्दाम खिडकीत उभा राहून बघायचो, आपला निष्कर्ष प्रत्यक्ष वापरला जाताना.

काका वाळत चालले. मला वाटलं, शुगर उतरते आहे. ते सकाळी भिंतीशी ओकायचे, मला वाटलं, पानं कडू आहेत. तोंड आलं होतं, पाणी पितानाही ते ओठ दाबून धरायचे. एकदा ते शर्टाचं बटण लावायला धडपडत होते, चांगल्या हातानेच, आणि म्हणाले की बोटांच्या टोकांना मुंग्या चावल्यासारखं होतं. मी बटण लावून दिलं. "कडू आहे," ते म्हणाले, "पण लागू पडून राहिलं." मी खुशीत कॉलेजला गेलो.

मेडिकलच्या आदल्या दिवशी माझ्या गाइड मॅडमनी मला बोलावलं. त्या कधी आवाज चढवायच्या नाहीत, म्हणून त्यांची मला जास्त भीती वाटायची. त्यांनी विचारलं, ज्या रसायनाची टेकडी तू इतक्या कौतुकाने दाखवतोस, ते शरीरात करतं काय. हा सोपा प्रश्न होता. मी छाती काढून पाठ म्हणायला लागलो: पेशींचं विभाजन थांबवतं, म्हणून कॅन्सरमध्ये देतात, डॉक्टरच्या देखरेखीखाली, कारण विषारी आहे. दुष्परिणाम: ओकाऱ्या, तोंडात फोड, केस गळणं, बोटांच्या टोकांना…

मी थांबलो. मॅडम म्हणाल्या, पुढे. मी विचारलं, मॅडम, आणि शुगरचं? त्या म्हणाल्या, त्याचं श्रेय या झाडातल्या दुसऱ्या द्रव्यांना देतात, ती तू मोजलेली नाहीस. आणि कच्ची पानं खाऊन कुणी इलाज करत असेल तर आधी त्याचा हात धर. मी खुर्ची पाडून पळालो. त्यांच्या टेबलावरची पाण्याची बाटली माझ्या कोपराने उडाली आणि माझ्याच टेकड्यांच्या प्रिंटवर सांडली, हे मला नंतर सांगण्यात आलं.

घरी पोचलो तर काका भरदुपारी कुंपणाशीच होते. दुसऱ्या दिवशी तपासणी, म्हणून शेवटचा डोस मोठा घ्यावा असा त्यांचा हिशेब. चांगल्या हाताची मूठ गुलाबीच्या पानांनी भरलेली. मी धापा टाकत सांगितलं की खाऊ नका, मी मोजलं ते शुगरचं नव्हतं. त्यांना वाटलं मी नमुन्यासाठी कंजूषपणा करतोय.

"तूच तं म्हणलं गुलाबीत जास्त."

"जास्त आहे ते विष आहे काका."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या भुवईचे केस विरळ झालेले मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. मग त्यांनी मूठ तोंडात कोंबली आणि चावत चावत म्हणाले, एक दिवस. फक्त उद्याचा दिवस. उद्या पास झालो की थुंकतो.

न्हाणीशेजारी कुदळ होती. मी ती उचलली आणि गुलाबी वाफ्यात घातली. मुळं तुटताना कडकड आवाज येत होता, देठांतून पांढरा चीक उडत होता. मग पांढरी. मग लाल डोळ्याची, जिने कुणाचं काहीच वाकडं केलं नव्हतं. माझं अख्खं वर्ष मी पायाखाली तुडवत होतो आणि तरी हात थांबत नव्हता. आता वाटतं, त्यात थोडा राग यंत्रावरचा होता आणि बराचसा आरशातल्या माणसावरचा. काका कुंपण ओलांडून आत पडले, उठले आणि अंगावर आले. दुखऱ्या हाताच्या बांबूच्या पट्ट्याच त्यांनी माझ्या तोंडावर हाणल्या. नाक गेलं. ते मला कळलं ते आवाजावरून. तोच आवाज, ओल्या फांदीचा. आम्ही दोघे चिखलात लोळलो. त्यांची बोटं माझ्या गळ्यावर होती, पण बोटांत जोर राहिला नव्हता, ती नुसती घसरत होती. मी मारामारी जिंकतोय हे मला त्या बोटांमुळे कळलं, आणि आयुष्यात एवढी भीती मला कधी वाटली नाही.

बाबा आरडाओरड्याने बाहेर आले. त्यांना जे दिसलं ते असं: त्यांचं कार्टं दुसऱ्यांदा काकांच्या उरावर बसलेलं. त्यांनी मला मागून लाथ घातली. मग पेकाटात दुसरी. तिसरी येण्याआधी मी नाकातोंडातल्या रक्तातून शब्द मोडला.

"त्यांले शुगर आहे बाबा. हे झाड खाऊन राहिले ते. मेडिकलसाठी."

बाबांचा पाय वरच राहिला.

"खोटं बोलते," काका म्हणाले. पण त्यांचं तोंड हिरवं होतं.

बाबा खाली बसले. काकांची हनुवटी धरून त्यांनी तोंड उजेडाकडे वळवलं, लॅडलमध्ये बघतात तसं डोळे बारीक करून बघितलं. चक्कर येते का, विचारलं. केबिनमध्ये आली का, विचारलं. काकांनी मान फिरवली.

"वरून तुले चक्कर येईन," बाबा म्हणाले, "आन् खाली मी उभा राहतो ना बे."

हे त्यांनी हळू आवाजात म्हटलं. बाबांचा हळू आवाज मी तोवर ऐकला नव्हता. मग त्यांनी काकांच्या कानाखाली दिली, उलट्या हाताने परत दिली, आणि काकांनी एकदाही हात उचलला नाही. नंतर दोघे चिखलात शेजारी शेजारी बसून राहिले. काकू आल्या, त्यांनी पदराने काकांचं हिरवं तोंड पुसलं. मी बाजूला पालथा पडून नाक धरून होतो. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, ते पहिल्यांदाच योग्य होतं.

बाबांनीच काकांना स्कूटरवर मागे बसवून हॉस्पिटलला नेलं. सुई टोचली, रक्त निघालं, शुगर निघाली. काकांना बरेच दिवस ठेवून घेतलं. पानांचा अंमल हळूहळू उतरला, भुवया परत आल्या. मनगट वाकडं जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा मोडून सरळ बसवू. काकांनी बाबांकडे बोट दाखवून सांगितलं की मोडायचं सगळं काम त्या घराला दिलेलं आहे, तुम्ही राहू द्या.

क्रेन गेली. काकांना खाली घेतलं. आता ते त्याच शॉपमध्ये जमिनीवर उभे राहून वरच्या क्रेनवाल्याला हातांनी खुणा करतात: उचल, थांब, डावीकडे. वरती एक तरुण बसतो. पहिले काही दिवस काकांच्या वाकड्या मनगटामुळे त्याला सगळ्या खुणा डावीकडेच वाटायच्या आणि खाली शिव्यांचा पाऊस पडायचा; मग तो त्या वाकडेपणासकट वाचायला शिकला. बाबा सांगतात की लॅडल डोक्यावरून जाताना काका वर बघत नाहीत. सगळे बघतात, ते बघत नाहीत. एक वर्षभर ते बाबांशी बोलले नाहीत. होळीला आले, मटणाच्या पातेल्यापाशी बाबांना एक ठोसा मारला, आणि मग जेवले.

मी कॉलेजच्या गच्चीवर कुंड्यांत बियांपासून पुन्हा सुरुवात केली. या खेपेला कुणी पानं ओरबाडली नाहीत. पडद्यावर तिन्ही टेकड्या जवळजवळ सारख्या उंच आल्या. गुलाबीत जास्त हे मी ज्या थाटात गाडीवर मान वळवून सांगितलं होतं, ते बहुधा खरंही नव्हतं. मॅडमनी विचारलं, पहिल्या वेळी फरक का आला असेल. मी म्हटलं, झाडांना मार बसला होता. त्यांनी माझ्या नाकाकडे बघितलं आणि पुढचं पान उलटलं.

अंगणातल्या वाफ्यांत आता आईने मेथी लावली आहे. पण सदाफुलीची बी कुठे कुठे सांडली होती. कुंपणाशी आणि नालीच्या कडेला ती कुणी न लावता वर आली, पांढरीसुद्धा. आई बुद्धासाठी नेते. काका सकाळी देवासाठी नेतात, फक्त फुलं, आणि पानाला बोट लावत नाहीत. पद्धतीप्रमाणे मी पाठ वळवायला हवी. पण आता नोकरीच्या गावाहून मी सुट्टीत घरी आलो की दात घासत घासत बघतोच. काकांना ते कळतं. ते फुलांची पिशवी डाव्या हातात घेतात आणि उजवा, वाकडा हात माझ्या दिशेने वर करतात. ती खूण थांबची आहे, की आशीर्वादाची, की पुढच्या ठोशाची, हे क्रेनवरच्या त्या पोराला कळत असेल. मला अजून वाचता येत नाही. मी आपला नाकावर हात ठेवतो आणि मान डोलावतो.